बी वाटू नका, उसनं द्या

मृगाचा पहिला पाऊस पडला की नाशिकमध्ये बियांच्या पुड्या हातोहात फिरू लागतात. गंगापूर रोडच्या बंगल्यांमधून, सिडकोतल्या गच्च्यांवरून, सोसायट्यांच्या आवारातून, मोबाइलवरच्या गटांमधून. पुडी बहुधा वर्तमानपत्राच्या कागदाची असते आणि तिच्यावर ‘गावठी वांगी’ किंवा ‘लांब दोडका’ एवढंच लिहिलेलं असतं. बी कोणत्या साली धरलं, कुठून आलं, ते झाड उभं होतं तेव्हा शेजारी काय फुलत होतं, यातलं काहीच नसतं. जुलै संपता संपता काही पुड्या उगवलेल्याच नसतात. काही उगवून भलतंच फळ देतात. घेणारा म्हणतो, माझ्या हाताला यश नाही. त्याचा हात बहुतेक वेळा निर्दोष असतो. दोष पुडीतच असतो आणि तो आधीच्या वर्षी तिच्यात शिरलेला असतो.

हौशी बागायतदारांनी बी फुकट वाटणं थांबवावं आणि उसनं द्यायला सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. उसनं म्हणजे नाव, गाव आणि साल लिहून द्यायचं, आणि घेणाऱ्यानं ते पिकवून परत करायचं. ही पद्धत आपल्याला नवी नाही. वाढीदिढीनं धान्य आणि बी नेण्याची रीत आपल्या गावांत होतीच. सावकाराच्या हातात गेल्यावर ती जुलमी झाली हे खरं. पण शेजाऱ्याशेजाऱ्यांत तिचा अर्थ एवढाच होता, की नेलेलं बी जिवंत परत यावं आणि थोडं वाढून यावं. फुकट दिलेल्या पुडीवर हे बंधन नसतं. म्हणून ती कुणाच्या तरी खणात पडून मरते आणि मेली हे कुणाला कळतही नाही.

कळसूबाईच्या रांगेपलीकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० सालच्या पद्मश्रींमध्ये त्यांचं नाव होतं. त्यांचा फोटो आपल्या बागकामाच्या गटांमध्ये पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातून आपण उचललेलं मात्र इतकंच, की बरण्या भराव्यात आणि त्यांवर नावं डकवावीत. बी बरणीत टिकतं ते थोडे दिवस. पुढे ते टिकवायला मातीच लागते.

आता आपल्या हवेचं बघू. नाशिककरांना बी साठवण्यासाठी जी सोय फुकट मिळाली आहे, ती मुंबईकराला किंवा कोकणातल्या माणसाला पैसे मोजूनही सहज मिळत नाही, आणि आपण ती वाया घालवतो.

बियांच्या आयुष्याविषयी जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं मांडलेले दोन ठोकताळे जगभर वापरले जातात. बियातला ओलावा एका टक्क्यानं कमी केला की आयुष्य दुप्पट होतं. हे साधारण १४ ते ५ टक्के ओलाव्यापर्यंत लागू पडतं. दुसरा ठोकताळा असा, की साठवणीचं तापमान सुमारे ५ अंशांनी उतरवलं की आयुष्य पुन्हा दुप्पट. हिशेब करून बघा. बी ३० अंशांवरून फ्रीजच्या ५ अंशांवर नेलं तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट. तेच बी १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर वाळवलं तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट. प्रत्यक्षात पिकानुसार हे आकडे कमीजास्त होतात, पण वाळवणं पहिलं आणि गारवा दुसरा, हा क्रम बदलत नाही. आपल्याकडे लोक उलट करतात. दमट बी प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट फ्रीजमध्ये ठेवतात.

उघडं बी हवेतला ओलावा शोषतं आणि हवा कोरडी असली की सोडतं. ऑगस्टमध्ये नाशिकच्या हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असते, तेव्हा घेवडा, चवळी, मका यांसारखं बी उघडं राहिलं तर १४ ते १६ टक्क्यांपर्यंत ओलावा धरतं. एवढ्या ओलाव्यात बुरशी आरामात वाढते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मात्र दुपारची आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते. तेव्हा सावलीत पातळ पसरलेलं तेच बी आपोआप ६ ते ८ टक्क्यांच्या आसपास उतरतं. काकडी-भोपळ्याचं तेलकट बी त्याच्याही खाली जातं. त्यासाठी यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही.

म्हणून नाशिकमध्ये बी धरायचं ते पीक निघेल तेव्हा, पण पक्कं वाळवायचं आणि बंद करायचं ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. दुपारी अकरा ते पाच या वेळात सुती कापडावर किंवा चाळणीवर एकेरी थर पसरावा. जागा सावलीची हवी आणि वारा खेळता हवा. रात्री हवेतला ओलावा वाढतो आणि दिवसभरात सोडलेला ओलावा बी परत शोषतं, म्हणून संध्याकाळी ते बरणीत झाकून ठेवावं. असं आठ-दहा दिवस करावं. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर बी पसरणं ही सर्रास होणारी चूक आहे. स्लॅब हाताला चटका देतो तिथे बियाचाही जीव जातो. ओलसर बी तर ४० अंशांच्या वर गेलं की अंकुर गमावू लागतं. वाळवण्याचं तापमान ३५ अंशांच्या आत ठेवावं. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. मुंग्या तांदुळजाचं बी एका रात्रीत नेतात.

वाळलं हे ओळखायचं कसं? भोपळ्याचं किंवा काकडीचं बी बोटांत वाकवल्यावर काडकन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर ओल आहे. घेवड्याचं बी दगडावर ठेवून हातोडीनं ठोकलं की फुटून तुकडे झाले पाहिजेत. चेपलं तर ओल आहे. मका आणि कडधान्यांसाठी मिठाची परीक्षा सोपी आहे. काचेच्या कोरड्या बाटलीत भाजून गार केलेलं मीठ आणि मूठभर बी घालून दोन-तीन मिनिटं हलवावं आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवावं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, बरणीचा विचारही करू नये. मीठ चिकटलं नाही याचा अर्थ मात्र बी पुरतं वाळलं असा नव्हे. ते फक्त धोक्याच्या रेषेखाली आलं आहे.

बंद करायला रबरी गॅस्केटची काचेची बरणी घ्यावी. पाण्यात उलटी बुडवून बुडबुडे येतात का ते बघावं. स्टीलचा डबा दिसायला घट्ट असतो, पण हवा आत-बाहेर करत राहतो. झिपच्या प्लास्टिक पिशवीतूनही वर्षभरात ओलावा झिरपतो. बरणीत बियांच्या कागदी पुड्या आणि तळाला सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे. बी अजून थोडं दमट असेल तर बियाइतक्याच वजनाचं जेल घालून आठवडाभर बंद ठेवावं, मग ते काढून थोडं ताजं जेल ठेवावं. निळं जेल गुलाबी झालं की त्याचं काम संपलं. ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा निळं होतं. जेल नसेल तर कोरड्या कढईत बदामी होईतो भाजलेले तांदूळ, बरणीत घट्ट झाकून पूर्ण गार केलेले, पाव बरणी भरतील एवढे वापरावेत. काम होतं, फक्त जरा सावकाश. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: ओलं बी हवाबंद करणं. उघड्यावर ते काही महिने तरी तग धरेल. बंद बरणीत त्याचाच ओलावा त्याला कुजवतो.

कडधान्याच्या बियांना आणखी एक धोका असतो, भुंगेऱ्याचा. बरणी कितीही घट्ट असली तरी तो आतूनच निघतो, कारण मादीनं अंडी शेतातल्या शेंगेवरच घातलेली असतात. चवळीवर दिसणारे बारीक पांढरे ठिपके म्हणजे तीच. नीट वाळलेलं बी हवाबंद बरणीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं की अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडू नये. पूर्ण दिवस तशीच राहू द्यावी, नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि सगळं वाळवणं फुकट जातं. ओलसर बी फ्रीजरमध्ये घातलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन अंकुरच फाटतो. फ्रीजर नसेल तर खाद्यतेल, किलोला ५ मिली; म्हणजे १०० ग्रॅम चवळीला दहा-पंधरा थेंब, चांगले चोळून. राखही चालते, पण बी राखेत पूर्ण बुडलं पाहिजे. वरून भुरभुरवलेल्या राखेला भुंगेरा जुमानत नाही.

काही बियांना हे सगळं उलटं लागतं. कढीपत्ता, जांभूळ, फणस, आंबा यांचं बी वाळलं की मेलं. ते बरणीत ठेवायचंच नाही. फळातून निघाल्यावर थोड्याच दिवसांत मातीत गेलं पाहिजे. उन्हाळ्यात जमवलेली जांभळाची बी दिवाळीला वाटणारा माणूस मनानं चांगला असेल, पण तो मेलेलं बी वाटतो आहे.

आता जूनची गोष्ट. देवाणघेवाणीला आपण नेमका तोच महिना निवडतो जेव्हा बरणी उघडणं सर्वांत घातक असतं. पावसाळी हवेत मोठी बरणी दहा वेळा उघडून चमच्यानं बी काढलं, की एप्रिलमध्ये कमावलेलं सगळं तिथेच सांडतं. त्यामुळे वाटणीच्या पुड्या एप्रिलमध्येच बांधाव्यात. टोमॅटो, वांगी, मिरची यांची २५ बी, भेंडी, चवळी, घेवडा यांची २०, वेलांची आठ. घरच्या बागेला एवढं पुरतं. पुड्या अॅल्युमिनियमच्या छोट्या पाकिटांत घालून तोंड इस्त्रीनं चिकटवावं आणि रोहिणी नक्षत्रात, मृगाच्या सरी जमू लागण्याआधी, त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचाव्यात. पाकीट उघडायचं ते पेरायच्याच दिवशी.

पुडी बांधण्याआधी उगवण तपासलेली असावी. इथे ‘दहा बी टाकून बघितलं, आठ उगवले’ असं सांगण्याची पद्धत आहे. दहांतले आठ उगवले याचा संख्याशास्त्रीय अर्थ एवढाच, की खरी उगवण ४४ टक्क्यांपासून ९७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. पन्नासांतले चाळीस उगवले तर तीच मर्यादा ६६ ते ९० अशी आवळते. म्हणून पन्नास बी घ्यावं. वाण अगदीच दुर्मीळ असेल तर वीस. ओल्या सुती फडक्यावर बियांना बी लागणार नाही असं मांडून गुंडाळी करावी, पिशवीत सैल घालावी, २५-३० अंशांच्या जागी ठेवावी. काकडी आठ दिवसांत, दोडका, टोमॅटो, वांगी आणि मिरची चौदा दिवसांत मोजावी. फडकं निथळतं ठेवू नये. पाण्यात बुडालेलं बी गुदमरतं आणि आपण म्हणतो बी खराब होतं. प्रमाणित बियाण्यासाठी भारतात किमान उगवण टोमॅटो, वांगी आणि कांद्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरची आणि वेलभाज्यांना ६० टक्के धरतात. आपल्या पुडीचं माप याहून खाली असेल तर ती देऊ नये असं मी म्हणणार नाही. आकडा लिहून द्यावी. ४० टक्के उगवणारं बी दुप्पट पेरता येतं. अडचण होते ती ४० टक्के आहे हे माहीत नसल्यामुळे.

इथवरचं सगळं बी जिवंत राहण्याबद्दल झालं. ते खरं राहणं, म्हणजे त्यातून मूळचाच वाण उगवणं, याहून अवघड आहे, आणि गच्चीवरच्या बागेत बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

पहिली चूक निवडीची. चांगली फळं खाल्ली जातात आणि शेवटी वेलावर राहिलेलं वेडंवाकडं, किडकं, उशिरा आलेलं फळ ‘आता बियाला ठेवू’ म्हणून राखलं जातं. असं पाच वर्षं केलं की आपण आपल्याच हातानं उशिरा येणारा, रोगाला बळी पडणारा वाण तयार केलेला असतो. पालेभाज्यांत हेच वेगळ्या रीतीनं होतं. मेथी, पालक, कोथिंबीर यांत जे झाड सर्वांत आधी फुलावर येतं त्याचं बी धरणं सोपं असतं. पण पालेभाजीत लवकर फुलणं हा अवगुण आहे. सर्वांत शेवटी फुलणाऱ्या झाडांचं बी धरलं पाहिजे, आधी फुलणारी उपटून खाल्ली पाहिजेत. फळाच्या आधी झाड निवडावं. निरोगी, भरपूर लागणारं झाड हेरून त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळाला लाल दोरा बांधावा आणि घरात सगळ्यांना सांगावं, दोऱ्याला हात लावायचा नाही.

ते फळ पुरतं पिकू द्यावं. वांगं पिवळं-तपकिरी, काकडी पिवळी आणि जाड सालीची, भेंडी झाडावरच वाळून शिरा फुटण्याच्या बेतात, दोडका हलवला की खुळखुळणारा. वेलफळं तोडल्यावर आणखी दोन-तीन आठवडे घरात ठेवली तर आतलं बी भरतं. टोमॅटोचं बी बुळबुळीत आवरणासकट वाळवू नये. गर आणि तेवढंच पाणी काचेच्या भांड्यात घालून दिवसातून दोनदा ढवळावं. आपल्या हवेत दीड-दोन दिवसांत वर पांढरी साय धरते. ती ओतून टाकावी, तळाला बसलेलं बी तीन-चार पाण्यांत धुवावं, चिनी मातीच्या बशीत वाळवावं. कागदावर टाकलं तर ते कागदालाच चिकटतं. तीन दिवसांच्या पुढे भांडं विसरलं तर बी तिथेच कोंभ काढतं.

दुसरी चूक संकराची. कोणत्या पिकात शेजारचा पराग किती घुसतो हे माहीत असल्याशिवाय बी धरणं अंधारात दगड मारण्यासारखं आहे. टोमॅटो, मेथी, घेवडा, चवळी बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतात; दोन वाणांत तीन-चार मीटर अंतर ठेवलं तरी घरगुती कामाला पुरतं. नवख्यानं सुरुवात यांच्यापासून करावी. वांगी, मिरची आणि भेंडी मधमाश्यांच्या हवाली असतात. ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावली तर या वर्षीची ढोबळी तिखट होते, हा गैरसमज आहे. तिच्या बीपासून पुढच्या वर्षी येणारी होते. इलाज साधा आहे. कळी उमलण्याआधी घोसावर ऑर्गेंझाच्या झिरझिरीत कापडाची छोटी पिशवी चढवावी, रोज सकाळी टिचकी मारून पराग हलवावा, बारीक फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधावा.

वेलांचं प्रकरण सर्वांत कठीण. शास्त्रशुद्ध बीजोत्पादनात दोन वाणांत अर्धा ते एक किलोमीटर अंतर मागतात; शहरात ते कुणालाही शक्य नाही. तेव्हा हातानं परागीकरण करायचं. दुसऱ्या दिवशी उमलणारी मादी कळी, म्हणजे जिच्या मागे इवलंसं फळ असतं ती, आणि दोन नर कळ्या आदल्या दिवशीच दोऱ्यानं बांधून ठेवायच्या. उमलायच्या वेळी सोडून नर फुलाच्या पाकळ्या खुडायच्या, पराग मादीवर फिरवायचा आणि मादी फूल पुन्हा दोन-तीन दिवस बांधायचं. काकडी, डांगर, गिलकं आणि कारलं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधी संध्याकाळी. सकाळी सातला दोडक्याच्या वेलाजवळ उभं राहून काही हाती लागत नाही. काकडी आणि डांगर यांचा संकर होत नाही, तशी भीती बाळगू नये. वाळूक, चिबूड आणि खरबूज मात्र एकमेकांत बिनदिक्कत मिसळतात.

दुधीबद्दल थोडं थांबून सांगावं लागेल. कडू दुधीच्या रसानं माणसं गंभीर आजारी पडल्याच्या, दगावल्याच्याही नोंदी आपल्या देशात आहेत. हा कडूपणा संकरातून पुढच्या पिढीत उतरू शकतो. म्हणून बियाला ठेवायच्या वेलाचं कोवळं फळ आधी चिरून जिभेला लावून बघावं आणि थुंकावं. कडवट लागलं तर तो वेल मुळासकट उपटावा. न चाखलेल्या वेलाचं दुधीचं बी दुसऱ्याच्या घरी देणं मला गैर वाटतं.

आणखीही काही देऊ नये. संकरित, एफ-१ लिहिलेल्या पाकिटातल्या झाडाचं बी देऊ नये. पुढच्या पिढीत ते फुटतं आणि दहा झाडं दहा तऱ्हांची निघतात. सरळ वाण, म्हणजे ज्याची पुढची पिढी तशीच निघते तो, मात्र संशोधन केंद्रातून आलेला असला तरी खुशाल धरावा. ‘गावराण’ म्हणजे चांगलं आणि ‘सुधारित’ म्हणजे परकं, ही वाटणी खोटी आहे. निफाडचा एन-५३ आणि पिंपळगाव बसवंतचा एन-२-४-१ हे कांदे याच जिल्ह्यात निवडून तयार झालेले सरळ वाण आहेत. गुलाबी-निळ्या औषधाचा थर दिलेलं बी घरगुती पुडीत कधीही घालू नये. पानांवर हिरवा-पिवळा चट्टेरी मोझॅक दिसलेल्या चवळी-घेवड्याचं बी देऊ नये, त्यातले काही विषाणू बियातूनच जातात. खुरासणीचं किंवा लसूणघासाचं बी चाळून अमरवेलीचे बारीक दाणे नाहीत ना ते भिंगातून बघावं; अमरवेल एकदा बागेत शिरली की निघत नाही. परदेशातून टपालानं आलेलं बी तर वाटूच नये. आयातीला २००३ च्या क्वारंटाइन आदेशाचे नियम आहेत, आणि ते रोग बाहेर ठेवण्यासाठी आहेत.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढं सगळं कोण करणार? एका घरानं सगळं करायचंच नाही. माझ्या मांडणीचा गाभा इथे आहे. एका दोडक्यात शंभराच्या आसपास बी निघतं, म्हणजे आठ बियांच्या बारा पुड्या. एका दुधीत त्याच्या दुपटी-तिपटीनं. वीस घरांनी प्रत्येकी वीस वाण जपायचे म्हणजे चारशे ठिकाणी अर्धवट काम. त्याऐवजी प्रत्येक घरानं एकच वाण पत्करावा आणि तो नीट जपावा. एका वाणाला तीन घरं, एकमेकांपासून दूर: एक पंचवटीत, एक इंदिरानगरला, एक सातपूरला. एकीकडे गारपीट झाली, माणूस आजारी पडला, बदली झाली, तरी वाण बुडत नाही. झाडांची संख्याही तिघांत मिळून भागते. स्वपरागी पिकाला पाच-सात झाडं, वेलांना सहा ते बारा. गच्चीवर बारा दोडक्यांचे वेल कुणी लावत नाही, पण तीन घरांत चार-चार लागतात आणि बी एकत्र करता येतं.

कांद्याचं बी हौशी माणसानं धरू नये असंच मी सांगेन. त्याला निदान पन्नास-शंभर डोंगळे, म्हणजे कांद्याचे फुलोरे, लागतात, मधमाश्या गावभर पराग फिरवतात आणि बी वर्षाच्या वर धड टिकत नाही. या जिल्ह्यात ते काम पिढ्यान्‌पिढ्या जाणणारे शेतकरी आहेत. त्यांच्याकडून विकत घ्यावं.

उसनवारीची चिठ्ठी अशी: वाणाचं नाव, मूळ गाव, बी धरल्याचा महिना आणि साल, किती झाडांचं, फूल बांधलेलं की उघडं, उगवण किती आणि कधी तपासली. मूळ गाव मी मुद्दाम मागतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातून गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या बायकांकडून आपण वालाची आणि काकडीची बी घेतो, आणि दोन वर्षांत तो वाण ‘आमच्या ग्रुपचा’ होतो. ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या राखला त्यांच्या गावाचं नाव पुडीवरून पुसलं जाणं हा अन्याय आहे, आणि तो टाळायला पेनाची एक ओळ पुरते. परतफेड एका पुडीच्या बदल्यात तीन. बी आलंच नाही तर चिठ्ठी तरी परत यावी, मागे लिहून: किती पेरलं, किती उगवलं, कशानं गेलं. दंड नाही, खजील करणं नाही. पण परतफेडही नाही आणि चिठ्ठीही नाही, अशा घराला पुढच्या वर्षी पुडी नाही.

नियमांनी उत्साह मरतो, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पहिल्याच वर्षी चिठ्ठी भरायला लावली तर काही जण येणार नाहीत हे खरं. पण आज उत्साह मारतं ते न उगवणारं बी. तीनदा फसलेला माणूस पुन्हा दुकानातल्या पाकिटाकडे जातो आणि कायमचा तिकडेच राहतो.

कायद्याची भीती घालणारेही भेटतात. वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यातलं ३९ वं कलम शेतकऱ्याला बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचा हक्क देतं. मनाई आहे ती संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकण्याला. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या २४ व्या कलमानं स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्या जागेवर थेट दुसऱ्याला पेरणीसाठी देण्याला सूट ठेवली आहे. विनामोल उसनवारीला अडवणारं यात काही नाही. पाकिटावर नाव छापून दुकान मांडलं की गोष्ट वेगळी होते, आणि ती वेगळीच असली पाहिजे.

राहिला प्रश्न जागेचा. हे काम कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या कपाटात राहिलं की त्या माणसाबरोबर संपतं. त्याला सार्वजनिक ठिकाण हवं, आणि नाशिकमध्ये ते शोधायला लांब जावं लागत नाही. सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासून पुस्तकं उसनी देतं. वही, सभासद क्रमांक, परतीची तारीख, या सवयी तिथे मुरलेल्या आहेत. सावानानं आणि शहरातल्या छोट्या वाचनालयांनी एकेक घट्ट झाकणाची पेटी आणि एक वही यांना जागा द्यावी. बी सांभाळायची जबाबदारी वाचनालयाची नको, ती तीन-तीन घरांची. पेटीत फक्त एप्रिल ते मृगापर्यंत बंद पाकिटं राहतील. महापालिकेचा पुष्पोत्सव फेब्रुवारीच्या सुमाराला भरतो, हवा कोरडी असते तेव्हाच. तिथे कुंड्यांच्या स्पर्धेशेजारी उगवण तपासायचं एक टेबल मांडावं. लोकांनी घरचं बी आणावं, पन्नास दाणे फडक्यात गुंडाळून आपल्या नावाची चिठ्ठी लावून ठेवावी आणि चौदाव्या दिवशी वाचनालयात येऊन आकडा बघावा.

सुरुवातीला पंधरा वाण पुरेत, पंचेचाळीस घरं. टोमॅटो, चवळी, घेवडा, मेथी असे सोपे दहा. वांगी आणि मिरचीचे तीन. दोडका आणि दुधीचा एकेक, आणि हे दोन वेल फक्त अशांना, ज्यांना संध्याकाळी सहा-सात वाजता घरी असणं जमतं.